दर डिसेंबरला शोभेचं गवत करपतं, जूनमध्ये सावरतं, पुन्हा करपतं: हे चक्र कुठे तोडायचं?

तक्रार साधारण सगळीकडे सारखीच असते. पावसाळाभर दाट, तजेलदार असलेलं मोंडो ग्रास किंवा ओफिओपोगॉन दिवाळी झाली की शेंड्यांपासून तपकिरी व्हायला लागतं. डिसेंबर संपेपर्यंत निम्मी पाती वाळलेली. मग कुणीतरी ठामपणे सांगतं, "थंडी लागलीय, छाटून टाका." माळीकाका विळ्याने बुडापासून कापतात, वर शेणखताची पाटी पडते आणि पाण्याचा पाइप सोडला जातो. जानेवारीत तिथे नुसती खुंटं. मार्चमध्ये चार विरळ कोंब, पाऊस आला की जरा बरं आणि पुढच्या डिसेंबरला परत तेच. सोसायटीचा असेल तर दर वर्षी नवीन रोपांचं बिल येतं आणि सर्वसाधारण सभेत त्यावर पंधरा मिनिटं जातात.

ही पोस्ट बारमाही हिरव्या शोभेच्या गवतांबद्दल आहे, म्हणजे जी हिवाळ्यातही पानं टाकत नाहीत. मोंडो ग्रास, पांढऱ्या पट्ट्यांचं ओफिओपोगॉन, लिरिओपी, केरेक्स, डायनेला, ब्लू फेस्क्यू ही त्यातली पुण्याच्या नर्सऱ्यांमध्ये दिसणारी मंडळी. झोपी जाणाऱ्या गवतांचं गणित वेगळं आहे, ते शेवटाकडे घेतलंय.

थंडीला आधी निर्दोष सोडा

मोंडो ग्रास मूळ जपान-चीनकडचं. शून्याखाली दहा अंशांतही ते जिवंत राहतं. ब्लू फेस्क्यू तर युरोपातलं, त्याहून कितीतरी कडाक्याची थंडी सोसणारं. पुण्यात आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान १.७ अंश सेल्सिअस आहे आणि तेही १७ जानेवारी १९३५ ला. हल्ली पाषाण, एनडीए, शिवाजीनगर इथला पारा आठ-नऊवर आला की पेपरात पहिल्या पानावर शेकोटीचा फोटो येतो. माणसांना ती थंडी बोचते. या गवतांना मात्र ती आल्हाददायक वाटत असणार. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दव गोठतं तसं पुण्यात होत नाही, त्यामुळे गोठून पानं मरण्याचा प्रश्नच इथे नाही.

म्हणून इंग्लंड-अमेरिकेच्या बागकामाच्या सल्ल्यातलं गोणपाट गुंडाळणं, पेंढा भरणं, कुंड्या घरात घेणं हे सगळं इथे बिनकामाचं आहे. त्यांच्याकडे हिवाळ्यात बर्फ आणि महिनोन्महिने न हटणारी ओल असते. आपल्याकडे पहाटे दहा-बारा अंश आणि त्याच दिवशी दुपारी एकोणतीस-तीस. वर कोरडी हवा. आपल्या गवताला हिवाळ्याची रात्र त्रास देत नाही, दुपार देते.

तरीही करपतं हिवाळ्यातच, हे खरंच आहे. कारण पाऊस गेल्यावर तीन गोष्टी बदलतात आणि आपण त्यांच्यासोबत बदलत नाही: उन्हाची दिशा, मातीत साठणारे क्षार आणि माती वाळायचा वेग. कोणत्या कुंडीत यातलं काय चाललंय ते ओळखणं हेच खरं काम. छाटणी हा त्याचा उपाय नव्हे, उलट छाटल्याने पुरावा नाहीसा होतो. म्हणून कात्री बाजूला ठेवा आणि आधी बघा.

तुमची बाल्कनी कुठल्या दिशेला आहे?

हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि अर्ध्या तक्रारींचं उत्तर त्यातच असतं.

जूनमध्ये पुण्यात माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कललेला असतो. दक्षिणेच्या बाल्कनीत तेव्हा दुपारचं थेट ऊन शिरतच नाही. वरचा स्लॅब सगळं अडवतो, शिवाय ढग. सावलीत रमणारं मोंडो ग्रास तिथे मजेत वाढतं. २१-२२ डिसेंबरला तोच सूर्य माध्यान्हीला दक्षिणेकडे, क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. स्लॅबखालून वाकून बघावं तसं ऊन आत येतं आणि पार मागच्या भिंतीला टेकतं. जी कुंडी ऑगस्टमध्ये सावलीत होती ती डिसेंबरमध्ये सकाळी नऊ ते चारपर्यंत उन्हात तळते. कुंडी तुम्ही हलवलेली नसते, म्हणून "जागा तर तीच आहे" असं वाटतं आणि दोष थंडीवर जातो.

उत्तरेच्या बाल्कनीत नेमकं उलटं. उन्हाळ्यात तिथे थोडंफार ऊन यायचं, ते हिवाळ्यात पूर्ण बंद होतं. माती चार-पाच दिवस ओलीच राहते. पाणी मात्र ऑक्टोबरच्या उकाड्यात ठरवलेल्या हिशेबाने रोज चालूच.

आमच्याच इमारतीत एका विंगच्या बाल्कन्या दक्षिणेला आणि समोरच्या विंगच्या उत्तरेला आहेत. दोन्हीकडून एकाच आठवड्यात "गवत करपलं" म्हणून फोटो येतात. लांबून फोटो सारखे दिसतात, इलाज मात्र एकमेकांच्या विरुद्ध. एकाला सावली हवी असते, दुसऱ्याचं पाणी तोडायचं असतं. ग्रुपवर एकाला मिळालेला सल्ला दुसऱ्याने उचलला की दुसऱ्याचं गवत मेलंच म्हणून समजा.

ओळखायचं कसं? उन्हाने भाजलेलं पातं आधी फिकट, वाळक्या काडीच्या रंगाचं होतं, हाताला कुरकुरीत लागतं आणि ठोंबाची बाहेरची, कठड्याकडची बाजू जास्त खराब असते. कुंडी अर्धी फिरवून पाहा. भिंतीकडची बाजू हिरवी असेल तर दुसरं काही शोधत बसू नका. एखाद्या रविवारी अकरा, एक आणि तीन वाजता बाल्कनीत डोकावून कुंडीवर थेट ऊन आहे का तेवढं बघितलंत तरी पुरे.

उपाय सोपा. नोव्हेंबरच्या मध्यापासून कुंड्या दोन फूट आत किंवा मोठ्या कुंडीच्या सावलीत सरकवा. जागा नसेल तर कठड्याला ५० टक्के सावलीची हिरवी जाळी फेब्रुवारी संपेपर्यंत बांधा. जमिनीतली बॉर्डर, म्हणजे कडेने ओळीत लावलेलं गवत, हलवता येत नाही. तिथे मुळांवर दोन इंच पाचोळ्याचं किंवा उसाच्या पाचटाचं आच्छादन घाला, मात्र ते ठोंबाच्या बुडाला चिकटवू नका. बुडाशी ओल धरली की कुजणं सुरू होतं आणि पाचटात वाळवी शिरली तर ती आधी ठोंबातला वाळका भाग शोधते.

भाजलेली पाती परत हिरवी होत नाहीत. नवी येईपर्यंत थांबावं लागतं. मोंडो ग्रास मुळातच संथ आहे, त्यामुळे सावली केल्यावर आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून उपाय फसला असं ठरवू नका.

फक्त शेंडे तपकिरी असतील तर पाण्याकडे बघा

पातं बाकी हिरवंगार, पण टोकाचा अर्धा-एक इंच तपकिरी, आणि हिरव्या-तपकिरीच्या मध्ये पिवळसर रेघ. सगळ्या ठोंबावर, चारही बाजूंनी सारखं. कुंडीच्या कडेला किंवा खालच्या भोकापाशी पांढरट थर. हे क्षारांचं काम.

पुण्याखाली बेसॉल्टचा कातळ आहे, आणि बोअरचं पाणी त्यातून येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. गीझरच्या कॉइलवर जे चढतं तेच कुंडीतही साठतं. खडकवासला धरणातून येणारं नळाचं पाणी त्या मानाने हलकं, पण ते बागेला मिळतं कुठे? बऱ्याच सोसायट्यांत बागेला बोअर, टँकर किंवा सांडपाणी शुद्ध करून आलेलं पाणी जातं. हे शुद्ध केलेलं पाणी मोठ्या झाडांना चालून जातं, कुंडीतल्या नाजूक ठोंबाला त्यातले क्षार जड पडतात.

आता हे हिवाळ्यातच का दिसतं? जून ते सप्टेंबर पावसाचं पाणी कुंडी वरून खालपर्यंत धुऊन काढतं. क्षार वाहून जातात आणि गवत जोमात येतं. ऑक्टोबरपासून ही धुलाई थांबते. रोजचं पाणी थोडं उडून जातं, थोडं गवत पितं, क्षार तिथेच राहतात. दीड-दोन महिन्यांत ते एवढे साठतात की मुळांना पाणी ओढणं अवघड होतं, आणि पात्याच्या टोकाशी क्षार जमून तिथली पेशी मरते. म्हणजे डिसेंबरला दिसणारा डाग ऑक्टोबरपासून बनत असतो. आणि दर जूनला आपोआप "बरं" होण्याचं कोडंही इथेच सुटतं.

यात भर घालणाऱ्या दोन पुणेरी सवयी आहेत. पहिली, आरओचं बाद पाणी झाडांना घालणं. पाणी वाया जाऊ नये हा विचार चांगलाच, पण त्या पाण्यात मूळ पाण्यातले क्षार आणखी दाट झालेले असतात. ते लादी पुसायला वापरा, गाडी धुवायला वापरा, नारळाला घाला. मोंडो ग्रासला नको. दुसरी, सॉफ्टनरचं पाणी. मिठाच्या गोण्या लागणारा सॉफ्टनर कॅल्शियम काढून घेतो आणि त्या जागी सोडियम सोडतो. साबणाला फेस येतो म्हणून ते "चांगलं पाणी" वाटतं, पण सोडियम मुळांना बाधतो आणि मातीही चिकट, घट्ट करतो. बोअरचं जड पाणी परवडलं, सॉफ्टनरचं नको.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, हातात धरायचा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. आकडा ४५०-५०० पीपीएमच्या पुढे गेला की संवेदनशील गवतं कुरकुर करायला लागतात. मात्र मीटरपेक्षा कुंडीवरचा पांढरा थर जास्त खरं सांगतो.

उपाय म्हणजे पावसाने जे केलं असतं ते आपण करायचं. नोव्हेंबरपासून महिन्यातून एकदा कुंडी बाथरूममध्ये न्या. दहा इंची कुंडीला एक भरलेली बादली नळाचं पाणी, मगाने हळूहळू, खालून वाहून जाईल असं घाला. एकदम ओतलं तर ते कडेने निघून जातं आणि काही धुतलं जात नाही. खालची थाळी रिकामी करा. थाळीत साठलेलं पाणी कुंडी परत शोषते, म्हणजे मेहनत फुकट. हे बाल्कनीतच करायचं असेल तर खालच्या मजल्याच्या दोरीवर कपडे नाहीत ना ते आधी बघा. पांढरा थर बोटभर मातीसकट खरवडून टाका आणि त्या जागी गांडूळखत-माती भरा.

जमिनीतल्या बॉर्डरला हे जमत नाही. तिथे निदान दोन आठवड्यांतून एकदा पाण्याची पाळी लांब, खोल द्यायची, रोज वरवर शिंपडायचं नाही. रोजच्या शिंपडण्याने क्षार नेमके मुळांच्या थरात बसतात.

शेंडे कापायचे असतील तर कात्री तिरकी धरून पात्याच्या आकारातच कापा आणि अगदी बारीक तपकिरी कड राहू द्या. हिरव्या भागात कापलं की नवी जखम होते आणि तिथून पुन्हा तपकिरी रेघ येते. सरळ आडवं कापलेलं गवत न्हाव्याकडून आल्यासारखं दिसतं ते वेगळंच.

माती ओली आहे की कोरडी, हे बोटाला नीट कळत नाही

"दोन इंच बोट घालून बघा" हा सल्ला सगळे देतात. नर्सरीतून आणलेल्या रोपांच्या बाबतीत तो दोन्हीकडून फसवतो.

हडपसर, मांजरी, उरुळीकडच्या किंवा सिंहगड रस्त्यावरच्या नर्सरीतून येणारी पिशवी लाल मातीची असते. आपण ती पिशवी फाडून गोळा तसाच कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, मिश्रणात बसवतो. पावसाळ्यात काही बिघडत नाही. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत हा लाल मातीचा गोळा एकदा पूर्ण वाळला की विटेसारखा होतो. पाणी घातलं की ते बाजूच्या भुसभुशीत कोकोपीटमधून खाली निघून जातं. बोटाला बाजूची ओल लागते आणि गवताची खरी मुळं मधल्या गोळ्यात तहानलेली. पाती मधल्या शिरेवर घडी पडल्यासारखी मिटतात, निस्तेज दिसतात, आणि आपण म्हणतो, "रोज पाणी घालतेय तरी!"

उलट निव्वळ कोकोपीटमध्ये वरचा थर वाळून फिकट होतो आणि आत चिखल असतो.

म्हणून बोटावर विसंबू नका, कुंडी उचला. पाणी घातल्यावर किती जड लागते आणि वाळल्यावर किती हलकी, हे दोन-चार वेळा केलं की हाताला कळायला लागतं. मोठी कुंडी उचलत नसेल तर अगरबत्तीची काडी किंवा बांबूची सळई ठोंबाच्या अगदी जवळ, मधल्या गोळ्यात खुपसून पाच मिनिटांनी काढा. काडीला माती चिकटली आणि ती गार लागली तर आज पाणी नाही. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे माती ओली पण चिखल नाही, हवा खेळती, तेवढंच या गवतांना हवं असतं.

गोळा वाळलाच असेल तर वरून पाणी घालत बसू नका. कुंडीसकट टबात अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढून निथळू द्या. पुढच्या जूनमध्ये कुंडी बदलताना मात्र तो गोळा हाताने मोकळा करूनच लावा.

पाणी सकाळी, ऊन आल्यावर द्या. संध्याकाळी दिलेलं पाणी ठोंबाच्या गाभ्यात रात्रभर राहतं आणि थंड, ओल्या गाभ्यात बुरशीला फावतं. ड्रिपचा टायमर हा तर दुर्लक्षाचा कळस. ऑक्टोबरमध्ये "रोज दहा मिनिटं" लावलेला असतो आणि तो थेट मार्चपर्यंत तसाच चालतो. दिवाळीचे कंदील काढाल त्या दिवशी टायमर बदला. सावलीतल्या बॉर्डरला तीन-चार दिवसांआड, उन्हातल्याला दोन दिवसांआड इथून सुरुवात करा आणि मग काडीच्या परीक्षेने कमी-जास्त करा.

बुडाशी ओढून बघा

तपकिरी पात्यांचा एक झुपका चिमटीत धरून हलकेच वर ओढा. न निघता ताण देत असेल तर खाली जीव आहे. पाती अलगद हातात आली, टोक बुळबुळीत आणि वास कुबट असेल तर बूड कुजलंय. हे बहुतेक उत्तरेच्या बाल्कनीत, किंवा पावसाळ्यातला पाचोळा ठोंबात तसाच अडकून राहिला तिथे होतं. कुजलेला भाग बोटाने पूर्ण काढा, बुडाभोवतीची माती जरा बाजूला करून गाभा हवेला उघडा करा, पाणी आठवडाभर बंद. कुजलेल्या ठोंबाला खत घालून "ताकद" द्यायला जाऊ नका. मुळं काम करत नसताना दिलेलं खत आणखी क्षार म्हणून पडून राहतं. एकंदरच डिसेंबर-जानेवारीत युरिया किंवा कुठलंही जोरकस खत या गवतांना नकोच.

मधला भाग मेलेला आणि कडेने हिरवं कडं, असं असेल तर तो रोग नाही. ठोंब म्हातारा झालाय. वाळकं काढून तसाच ठेवा आणि जून-जुलैत दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर उपटून कडेचे तुकडे नव्याने लावा. हिवाळ्यात फोडू नका, मुळं लवकर धरत नाहीत.

छाटायचं नाही, विंचरायचं

बारमाही गवताच्या हिवाळी निगेतला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि माळीकाकांना पटवून द्यायला सगळ्यात अवघड. त्यांना शेतातला हिशेब माहीत असतो: ऊस तोडला की खोडवा फुटतो, तसं गवत कापलं की फुटवे येतील. खोडव्याला जमिनीखाली साखर साठवलेली कांडी असते. मोंडो ग्रास, केरेक्स, फेस्क्यू यांचा सगळा संसार हिरव्या पात्यांवर चालतो. ती कापली की परत उभं राहायला त्यांच्याकडे फार शिल्लक नसते, त्यात हिवाळ्यात वाढ मंद. "काका, याला विळा नका लावू, हाताने वाळकं तेवढं काढा" एवढं आधीच, शक्यतो दिवाळीच्या साफसफाईआधी सांगून ठेवा.

हातात रबरी मोजे घाला. बोटं पसरून ठोंबाच्या बुडाशी घाला आणि केसांतून फिरवावीत तशी वर ओढा. मेलेली पाती मोज्याला चिकटून निघतात, जिवंत राहतात. बारीक पात्याच्या फेस्क्यूला जुना, रुंद दातांचा कंगवा उत्तम. केरेक्सच्या पात्यांच्या कडा कातरतात, तिथे मोज्याशिवाय हात घालू नका. हे महिन्यातून एकदा केलं तरी ठोंब मोकळा राहतो आणि गाभ्यात हवा खेळते.

अपवाद लिरिओपीचा. ते फारच फाटकं दिसत असेल तर नवे कोंब दिसायच्या आधी, फेब्रुवारीच्या मध्याला, जमिनीपासून तीन-चार इंचांवर कापलेलं चालतं. कोंब वर आल्यावर कापलं तर नव्या पात्यांची टोकं कापली जातात आणि वर्षभर तीच दिसत राहतात. केरेक्स कापायची अगदीच गरज पडली तर वरचा एक तृतीयांश, त्याहून खाली नाही.

कीड असेल तर

पात्यांवर बारीक पिवळे ठिपके आणि बारीक जाळी: लाल कोळी. कोरड्या हवेत येतो, भिंतीलगतच्या उन्हातल्या कुंड्यांवर जास्त. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पात्यांच्या खालच्या बाजूने, तीन-चार दिवस सलग. नाही हटला तर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, सकाळच्या गार वेळी. बुडाशी कापसासारखं पांढरं: पिठ्या ढेकूण. त्यावर लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब साबण, संध्याकाळी. गंधक आणि तेल एकामागोमाग मारू नका, मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या, नाहीतर पाती भाजतात आणि त्याचंही खापर थंडीवर फुटतं. फेस्क्यूवर तेल टाळा. त्याचा निळसर रंग पात्यावरच्या मेणाच्या थराचा असतो, तेलाने तो जातो आणि साधं हिरवं गवत उरतं. बोटाला नारिंगी भुकटी लागली तर तांबेरा. ती पाती काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टात नाही.

ब्लू फेस्क्यूचं उलटं आहे

याबद्दल माझं मत जरा कडक आहे. प्रजासत्ताक दिनाच्या आसपास एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, त्या दिवसांत सगळीकडेच रोपांची खरेदी जोरात असते. निळ्या गोंड्यांसारखं हे गवत बघून मोह होतोच. पण फेस्क्यू थंड हवेतलं गवत आहे. पुण्याचा हिवाळा हा त्याचा एकमेव सुखाचा काळ. जानेवारीत ते करपत असेल तर कारण जवळजवळ नेहमी जास्तीचं पाणी किंवा निचरा नसलेली माती असते, कारण हिवाळ्यातल्या उन्हाला ते चांगलं तोंड देतं. निम्मी जाड वाळू किंवा बारीक मुरूम घातलेल्या मातीत ते हलवा आणि पाणी कमी करा.

एप्रिलची काहिली आणि नंतर पावसाळ्याची दमट हवा यात बरीचशी रोपं बसतात. त्यांना शेवंतीसारखं मोसमी समजून विकत घ्या, म्हणजे मनस्ताप नाही. सोसायटीच्या पैशातून त्याची पन्नास फुटी बॉर्डर करू नका.

आणि जी खरोखर झोपतात ती

जांभळं फाउंटन ग्रास, गवती चहा, वाळा, झेब्रा ग्रास ही उष्ण हवेची गवतं. दिवस लहान आणि रात्री थंड झाल्या की ती वाढ थांबवतात, पाती काडीच्या रंगाची होतात. यात काही बिघडलेलं नसतं, त्यांची ती झोपेची वेळ. कोरियन लॉन किंवा हरळीही याच कारणाने डिसेंबरमध्ये पिवळटते. तिला पाणी आणि युरिया ओतून जागं करायचा प्रयत्न निष्फळ आहे.

यांना कापायचं असतं, पण तेही आत्ता नाही. वाळकी पाती ठोंबाच्या गाभ्यावर छत धरतात. डिसेंबरात कापलं तर गाभा उघडा पडतो, एखादा उबदार आठवडा आला की कोवळे फुटवे येतात आणि कोरड्या हवेत वाळतात. थंडी शिवरात्रीला "शिव शिव" म्हणत जाते असं आपल्याकडे म्हणतात. तो मुहूर्त या कामाला अगदी बरोबर आहे. तेव्हा ठोंब सुतळीने कमरेत बांधा, म्हणजे पसारा होत नाही, आणि जमिनीपासून सहा इंचांवर कापा. नंतर शेणखत, मग पाणी वाढवा. गवती चहाची चहापुरती बाहेरची पाती वर्षभर घ्यायला हरकत नाही. पंपास या गटासोबत कापलं जातं खरं, पण त्याची पाती हिवाळ्यात बरीच हिरवी असतात, म्हणून फक्त वाळकी आणि जुने तुरे काढा. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जाड मोजे घालून, कारण त्याच्या कडा ब्लेडसारख्या कापतात.

सोसायटीत दोन्ही प्रकार एकाच बॉर्डरला लावलेले असतात ही मोठी अडचण. एका बाजूला कापायचं, दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही, हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. कापायच्या ठोंबांना जानेवारीतच लाल चिंधी बांधून ठेवा. माळीकाका बदलले तरी चिंधी सांगते.

टाकून कधी द्यायचं

फेब्रुवारी संपत आला, पाणी-सावली सुधारूनही एक नवं पातं नाही, तर ठोंब उपटून मुळं बघा. पांढरी किंवा फिकट, ताठ मुळं दिसली तर वरचं सगळं वाळकं काढून छोट्या कुंडीत, सावलीत लावा. मोंडो ग्रास आणि ओफिओपोगॉनच्या मुळांवर छोट्या गाठी असतात, त्या टणक असतील तर आशा आहे. मुळं काळी, मऊ, साल हातात निघून येणारी असतील तर सोडून द्या. ती माती लगेच दुसऱ्या गवताला वापरू नका. प्लास्टिकच्या कागदावर पातळ पसरून मार्च-एप्रिलच्या उन्हात पंधरा-वीस दिवस तापू द्या, थोडी निंबोळी पेंड मिसळा, आणि कुंडीच्या भोकात अडकलेली जुनी मुळं काढून मगच परत भरा.